हात मागे

बाई उभ्या राहिल्या की त्यांचे हात पाठीमागे जायचे. डावं मनगट उजव्या मुठीत, मान किंचित कलती आणि नजर समोरच्या माणसाच्या पायांवर. मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या अशाच उभ्या होत्या आणि माझी फाइल जमिनीवर पडली होती.

ती माझ्या उजव्या हातातून पडली. पडणारच होती. शिमग्याच्या पालख्या घरोघरी जाऊन आल्या आणि त्याच आठवड्यात माझी उजवी बाजू गेली. पाय थोडाफार ओढता यायचा, हात मात्र खांद्याला नुसता टांगलेला. इस्पितळाच्या मागच्या इमारतीत फिजिओथेरपीचा विभाग होता. बायकोने मला चाकाच्या खुर्चीतून तिथे आणलं आणि फाइल माझ्या मांडीवर ठेवली. उजव्या हाताने काहीतरी करून दाखवावं म्हणून मी ती बाईंना द्यायला गेलो, तर ती खाली. बायको वाकली.

"तुम्ही नको," बाई म्हणाल्या.

मग कोणीच वाकलं नाही. आजूबाजूचे पेशंट आपापले व्यायाम थांबवून बघत होते. बाईंची सहायक ताई बघत होती. बाई स्वतः हात मागे बांधून एखाद्या बसची वाट पाहावी तशा शांत उभ्या होत्या. मला इतका संताप आला की डोळ्यांत पाणी आलं. शेवटी अर्धाअधिक खुर्चीबाहेर लोंबकळत मी डाव्या हाताने ती फाइल उचलली आणि त्यांच्यापुढे केली. त्या म्हणाल्या, "पाडली एकाने आणि उचलली दुसऱ्याने. असू दे आज. ओळख झाली."

घरी येताना मी बायकोला निक्षून सांगितलं की त्या बाईच्या दारात मी पुन्हा पाऊल टाकणार नाही. ती म्हणाली, आधी पाऊल टाकता येऊ दे, मग टाकू नका.

मी पेंटर. देखावे वगैरे काढणारा नव्हे. मी बोटींवर नावं घालतो. पावसाळ्यात मासेमारी बंद असते तेव्हा बंदरात बोटी वर ओढून ठेवतात. त्यांची डागडुजी होते, रंग लागतो आणि पुन्हा पाण्यात जायच्या आधी सगळ्यात शेवटी बोटीच्या निमुळत्या तोंडाशी नाव पडतं. कोणाचा देव, कोणाची मुलगी, कोणाची आई. तिथलं लाकूड बाकदार असतं, उभं राहायची फळी हलत असते आणि हात टेकायला जागा नसते. अक्षर उभं राहतं ते फक्त मनगटावर. माझी अक्षरं धक्क्यावरून ओळखू येतात असं लोक म्हणायचे आणि मी ते खोडून काढत नसे.

मी आजारी पडल्यावर माझे जुने गिऱ्हाईक असलेले एक बोटमालक शहाळी घेऊन घरी आले. भला माणूस. बराच वेळ इकडचं तिकडचं बोलले आणि उठताना चपलांकडे बघत म्हणाले, "पेंटर, यंदा रेडियमची अक्षरं चिकटवून घेतो. पुढच्या वर्षी तुम्हीच आहात." बंदरात एकदा रेडियम लागलं की पुढचं वर्ष येत नाही, हे त्यांनाही ठाऊक होतं आणि मलाही. बोटी पाण्यात जायच्या आधी माझा हात परत आला तर ठीक, नाहीतर मी संपलो. म्हणून मी दुसऱ्या दिवशी मुकाट्याने बाईंच्या दारात गेलो.

दाराशी एक काळा फळा होता. वरून कधीतरी हुकूम आला होता म्हणे, की प्रत्येक विभागाने दर्शनी भागात कर्मचारी वार्ता लावावी. कोण रुजू झालं, कोणाची बदली, कोणाला बढती, कोण रजेवर. इतर विभागांत अशा वार्तांना तोटा नव्हता. बाईंच्या विभागात मात्र त्या आणि ती सहायक ताई, एवढीच माणसं. बाकीच्या खुर्च्या वर्षानुवर्षं रिकाम्या. ना कोणी यायचं, ना जायचं. वार्ता आणणार कुठून? बाईंनी हुकूम शिरसावंद्य मानला आणि सगळ्या रिकाम्या जागा पेशंटांमधून भरून टाकल्या.

मी गेलो तेव्हा फळ्यावर ताईच्या अक्षरात लिहिलं होतं की एका निवृत्त एसटी कंडक्टरांची लोखंडी दांड्यांवरून मोकळ्या जमिनीवर बदली झाली असून त्यांचं अभिनंदन. त्याखाली 'विभागात मिळणाऱ्या सेवा' असा मथळा होता. उंबरा ओलांडणे. पाटावर बसणे आणि मुख्य म्हणजे उठणे. भरलेली कळशी उचलणे. एका हाताने साडी नेसणे. देवाला दोन्ही हात जोडणे. शेवटची ओळ वाचून मी तोंड फिरवलं.

इस्पितळाच्या मोठ्या साहेबांनी एकदा फेरीच्या वेळी हा फळा वाचला आणि हे काय चालवलंय म्हणून विचारलं. बाई म्हणाल्या, वार्ता आहेत, सगळ्या खऱ्या आहेत, तपासून घ्या. साहेब आत आले. कंडक्टर कोणाचाही आधार न घेता त्यांच्यासमोरून चालत गेले आणि सवयीने म्हणाले, "पुढे सरका, पुढे सरका." साहेबांनी त्यांचा हात हातात घेतला आणि फळ्याचा विषय पुन्हा कधी निघाला नाही.

लुळ्या हातापायाला बाई जावई म्हणायच्या. माझ्याशी बोलताना त्या माझ्याकडे बघायच्याच नाहीत. "काय म्हणतात उजवे? आज तरी येणार का?" असं त्या थेट माझ्या हाताला विचारत, तेही अहोजाहो करून. मी चिडून डाव्या हाताने उजवा उचलायला गेलो की म्हणायच्या, "ओढू नका. रुसलेला जावई आहे. ओढलात तर दारातच बसून राहील. तुम्ही घरात कामाला लागा, पाट मांडून ठेवा, बोलावणं करत राहा. त्याला वाटलं पाहिजे की आपल्यावाचून अडलंय." टेबलावर झोपवलं की मात्र बाईंचे हात असे कामाला लागत की दांडगा माणूसही ओरडायचा. खांदा, कोपर, एकेक बोट. तो मान टेबलापुरता. माणूस एकदा उभा राहिला की बाईंचे हात मागे.

आणि एकट्या बाईंचेच नव्हे. त्या खोलीचा कायदाच तो होता. कोणी चालायला लागलं, पायरी चढायला लागलं की बघणाऱ्या प्रत्येकाने हात मागे घ्यायचे. ताईने, नातेवाइकांनी, दुसऱ्या पेशंटांनीसुद्धा. खाली जाड गादी अंथरलेली असायची आणि बाई हाताच्या अंतरावर असायच्या. माणूस खरोखर कोसळलाच तर त्या विजेसारख्या पुढे होत, हे मी पाहिलंय. पण कोसळायच्या आधी, नुसता डगमगला म्हणून, नाही. मीही हात मागे घ्यायचो. माझ्या बाबतीत डाव्या मुठीत उजवं मनगट धरायचं, एवढंच शक्य होतं. नाहीतर ते मागे राहायचंच नाही, घसरून पुढे यायचं.

त्यांच्या वेडाचा आणखी एक प्रकार होता. नवा पेशंट आला की त्याचं दुखणं त्या एक दिवस स्वतःच्या अंगावर घेऊन बघत. मी रुजू झालो त्याच्या दुसऱ्या दिवशी बाई आल्या त्या उजवा हात पदराच्या आत बांधून. निऱ्या भलतीकडेच गेलेल्या, अंबाडा सुटलेला, कपाळावरची टिकली भुवईवर. दिवसभर त्यांनी डाव्या हाताने सह्या केल्या. सह्या ओळखू येईनात म्हणून कचेरीतून कागद परत आले. संध्याकाळी तशाच मासळी बाजारात गेल्या. माझी बायको तिथेच होती, तिने पाहिलेलं सांगितलं. कोळणीने विचारलं, "बाय, हाताला काय झाला?" तर बाई म्हणाल्या, जावई रुसलाय. कोळणीने बांगडे साफ करून दिले. दुसऱ्या दिवशी बाई मला म्हणाल्या, "दाताने पिशवीची गाठ सोडवली मी काल. तुम्ही सोडवता का? नाही? मग बायको सोडवते. बंद करा ते." तेव्हा मला हे सगळं नाटक वाटलं होतं. आता वाटतं, इतक्या डॉक्टरांनी माझा हात तपासला, पण तो एक दिवस वापरून बघितला तो फक्त त्यांनी.

खोलीच्या एका टोकाला पाखाडी होती. पाखाडी म्हणजे आमच्याकडच्या उतारावरच्या वाडीत घरापर्यंत नेणारी चिऱ्यांच्या पायऱ्यांची वाट. बाईंनी ती चक्क विभागात बांधून घेतली होती. एक पायरी बुटकी, एक गुडघ्याएवढी, एक बाहेरच्या बाजूला कललेली, एक थोडी हलणारी. त्यांचं म्हणणं असं, की इस्पितळातल्या सरळ फरशीवर चालायला शिकून माणूस इस्पितळातच राहायला लायक होतो.

एकदा बाई उत्सवासाठी गावी, आंजर्ल्याला गेल्या. त्या क्वचितच रजा घेत. नेमकी तेव्हा इस्पितळात डागडुजी चालू होती आणि तिथल्या गवंड्याने ती पाखाडी पाहिली. आपल्या धंद्यातल्या कोणीतरी असलं काम करून ठेवावं याची त्या भल्या माणसाला लाज वाटली. त्याला कोणी सांगितलं नव्हतं. रविवारी स्वतःहून येऊन त्याने चिरा न् चिरा काढला, सपाटी बघायची पाणसळ लावून सगळ्या पायऱ्या एका मापाच्या केल्या, वर सिमेंटचा गुळगुळीत गिलावा दिला आणि बाजूला चकचकीत पाइपचा कठडा बसवला. ताई रडकुंडीला आली.

सोमवारी बाई आल्या. आम्ही सगळे त्यांच्याकडे बघत बसलेलो. गवंडी कौतुकाची वाट बघत दाराशी उभा. बाई पायऱ्या चढल्या, उतरल्या, हात मागे ठेवूनच. "सुंदर झाल्यात," म्हणाल्या. गवंड्याचा चेहरा फुलला. "आता मोडा."

तो नाहीच म्हणाला. बाईंनी आवाज चढवला नाही. त्याला खुर्ची दिली आणि त्याच्या घरच्या पाखाडीची चौकशी केली. कशी आहे, कोणी बांधली, म्हातारी माणसं कशी चढतात. तो हळूहळू सांगायला लागला. मधला एक चिरा निसटलेला आहे, वरची पायरी फार उंच आहे, पावसात शेवाळ धरतं. ती का नाही हो दुरुस्त केलीत, असं बाईंनी विचारलं. तो म्हणाला, ती आजोबाच्या वेळची, सगळ्यांच्या पायांना सवय आहे. "मग या लोकांनाही घरी जाऊन तीच चढायचीय ना," बाई म्हणाल्या.

त्याने पायऱ्या मोडल्या. पण खरी गंमत पुढे झाली. त्याला वाकडी पायरी बांधताच येईना. हात आपोआप सरळ करायचा. "बाई, माज्या हातून वाकडं होत नाय," असं तो अगदी कळवळून म्हणाला. शेवटी बाईंनी त्याची पाणसळ काढून घेतली, कपाटात ठेवली आणि आम्हा पेशंटांना पाखाडीभोवती खुर्च्या मांडून बसवलं. ज्याने त्याने आपापल्या घरची पायरी सांगायची. कंडक्टरांनी त्यांची हलणारी पायरी सांगितली. एका मावशींनी त्यांची गुडघ्याएवढी आणि दरीकडे कललेली. गवंडी एकेक पायरी बांधायचा आणि त्या त्या माणसाला विचारायचा, एवढी वाकडी पुरे का? अशी ती पाखाडी पुन्हा उभी राहिली आणि प्रत्येक पायरीला मालक मिळाला. साहेब म्हणाले, अपघात होईल. बाई म्हणाल्या, "इथेच होऊ दे. इथे मी आहे."

या मावशी देवरूखच्या पुढच्या एका वाडीतल्या. साखरेमुळे त्यांचा एक पाय गुडघ्याखाली कापावा लागला होता आणि तिथे नवा पाय बसवला होता. मुलगा मुंबईला. तो त्यांना आपल्याकडे न्यायला बघत होता आणि मावशींना आपल्या घरी जायचं होतं. पाखाडी चढून दाखव, मग गावी सोडतो, एवढं त्याने कबूल केलं होतं. मावशींना लिहितावाचता येत नव्हतं, पण फळ्यावर त्यांचा भारी विश्वास.

त्याच फळ्यावरून माझी आणि बाईंची जुंपली. एक दिवस ताईने लिहिलं, 'प्रसिद्ध पेंटर यांची फलक लेखक म्हणून नेमणूक. उद्यापासून वार्ता त्यांच्या उजव्या हाताने लिहिल्या जातील.' मी हादरलो. खडू पट्टीने बोटांना बांधून देणार होते, पण तरी काय? बंदरात ज्याची अक्षरं लोक मान वर करून बघतात त्याने दारात, येणाऱ्याजाणाऱ्यासमोर बालवाडीतल्या पोरासारखं गिरबटायचं? मी बाईंना सांगितलं, बाकी काय वाटेल ते करून घ्या, अक्षराची चेष्टा मला सहन होणार नाही. त्या बरं म्हणाल्या. ताईने फळा पुसला आणि तो कोराच राहिला.

रोज कोरा. बाईंनी मला एका शब्दाने छेडलं नाही. छेडलं ते मावशींनी. त्यांना वॉकरवरून काठीवर बढती मिळाली होती, पण त्या काठीला हात लावीनात. "फल्यावर नाय, तवर मी नाय." ताईने समजावलं, कंडक्टरांनी समजावलं. मावशी आपल्या वॉकर धरून बसलेल्या. मुलगा येणार होता आणि यांचे दिवस फुकट चालले होते. मावशी मला म्हणाल्या, "पेंटर, तुजा हात गेला तो गेला, माजा पाय कशाला अडवून ठेवलायस?"

मी खडू बांधून घेतला. सगळी सकाळ त्यात गेली. हात खांद्यापासून ढकलायचा, तो भलतीकडेच जायचा, पुसायचं, पुन्हा. बारीक अक्षर निघतच नव्हतं. 'मावशी' या एका शब्दाने अख्खा फळा भरला, 'काठी' लिहायला जागाच उरली नाही. असलं भिकार अक्षर मी जन्मात काढलं नव्हतं. मी घामाघूम होऊन खुर्चीत बसलो. मावशी वॉकर टेकत आल्या आणि फळ्याकडे किती तरी वेळ बघत राहिल्या. "एवढा मोठा हाय माजा नाव?" त्या म्हणाल्या. आणि त्यांनी काठी घेतली.

त्यानंतर मी रोज लिहिलं. पट्टी बांधूनच. खांदा येत गेला, कोपर येत गेलं, अक्षरं लहान होत गेली. बोटं मात्र येईनात. पट्टी सोडली की खडू खाली. आणि ब्रश काही बांधून धरता येत नाही. तो बोटांत फिरावा लागतो. पाऊस लागला, बोटी वर आल्या. बंदरातून रंगाचा वास यायला लागला असेल, या नुसत्या विचाराने माझी झोप जायची.

त्या काळात मी पाखाडी चढायला लागलो होतो. समोरच्या भिंतीवर मोठा आरसा होता, पेशंटाला आपला तोल दिसावा म्हणून. एक दिवस मी मावशींच्या कललेल्या पायरीवर उभा होतो आणि उजवा पाय वर येईना. मी झुकलो. बाई समोर, हात लांबवला तर पोचेल एवढ्यावर, आरशाकडे पाठ करून उभ्या. मी डावा हात पुढे केला. त्यांनी केला नाही. मनात शिवी आली माझ्या, खोटं कशाला सांगू? आणि तेवढ्यात मला त्यांच्या मागच्या आरशात त्यांचे हात दिसले.

डावा हात सुटायला बघत होता. बोटं उघडमीट करत होती. आणि उजव्या मुठीने त्याचं मनगट इतकं आवळून धरलं होतं, की नखं आत रुतली होती. दाव्याला हिसके देणारं वासरू धरावं तसं त्या स्वतःलाच धरून उभ्या होत्या. चेहऱ्यावर काही म्हणजे काही नव्हतं. इतके दिवस मी ज्याला खाष्टपणा समजत होतो तो पाठीमागे असा दिसत होता. मी पाय उचलला. कसा उचलला ते मला ठाऊक नाही.

खाली आल्यावर मी त्यांना म्हटलं, बाई, आरशात दिसलं मला. त्यांनी पदर मनगटावर ओढून घेतला. मग त्यांनी जे सांगितलं ते एकदाच, आणि जणू दुसऱ्या कोणाबद्दल सांगावं तसं. त्यांचे वडील जहाजावर होते. पाय मोडून घरी आले. घरातली माणसं फार प्रेमळ. पाणी हातात, ताट हातात, मोरीपर्यंत दोघांनी धरून न्यायचं. कोणी त्यांना एकट्याने उठू म्हणून दिलं नाही, आणि ते पुन्हा कधी उठले नाहीत. "आमच्या घरात सगळ्यांना हात होते," बाई म्हणाल्या. "म्हणून बाबांचे पाय गेले. सगळ्यात जास्त हात मी दिला. माझा लाडका बाप होता तो."

बाईंनी लगेच माझ्या उजव्या हाताकडे बघून विचारलं, "काय, आज येणार होतात ना?"

मावशींचा मुलगा आला तो दिवस मी विसरणार नाही. बाहेर झड लागलेली. तो मुंबईहून रात्रीचा प्रवास करून आलेला, दमलेला, आईसाठी जीव तुटणारा माणूस. मावशी काठी घेऊन पाखाडीपाशी उभ्या राहिल्या आणि खोलीतलं सगळं थांबलं. कंडक्टर, ताई, नवेजुने पेशंट, मी, सगळ्यांचे हात मागे. मुलगा पुढे झाला.

"हात मागे," बाई म्हणाल्या.

"अहो, आई आहे माझी."

"म्हणूनच."

त्याने हात मागे घेतले. मावशी बुटकी पायरी चढल्या, हलणारी चढल्या. मग त्यांची स्वतःची आली. त्यांनी चांगला पाय वर टाकला, काठी रोवली आणि नवा पाय उचलताना त्या दरीच्या बाजूला कलल्या. खाली गादी होती, हे आम्हाला माहीत होतं. तरी खोलीत कोणाला श्वास घेता आला नाही. मावशी तशाच कललेल्या राहिल्या. माझं सगळं अंग पुढे जायला बघत होतं. या मावशीने माझ्यासाठी काठी अडवून धरली होती, माझं गिरबटलेलं अक्षर बघून चालायला लागली होती, ती माझ्यासमोर पडत होती आणि मी तिला धरायचं नव्हतं. मी मागे हात आवळले. जीव खाऊन आवळले.

मावशींनी दात खाऊन काठी पुन्हा टेकवली. नवा पाय वर आला, टेकला, आणि त्या सरळ झाल्या. सगळ्यात वर जाऊन त्यांनी वळून मुलाकडे पाहिलं. "बगितलास? आता मना घरी सोड." मुलगा तिथेच पायरीवर बसून रडायला लागला.

सगळ्यांचे हात पुढे आले, टाळ्या वाजल्या. माझेही पुढे आले, पण मला टाळी वाजवता आली नाही. डावं मनगट ठणकत होतं. मी पाहिलं. मनगटावर वळ उठले होते, बोटांचे, लालभडक, आणि अंगठ्याचा एक आतल्या बाजूला. क्षणभर मला कळेना हे कोणी केलं. रोज मी डाव्या मुठीत उजवं मनगट धरायचो. आज उलटं झालं होतं. उजव्याने डाव्याला धरलं होतं.

मी ते मनगट घेऊन बाईंपाशी गेलो. त्यांनी वळ पाहिले, एकेका बोटाचा ठसा नीट पाहिला. मग त्या माझ्या उजव्या हाताकडे वळून, अगदी हळू, घरातल्या बाईने दारात उभ्या असलेल्या माणसाला म्हणावं तसं म्हणाल्या, "आलात? या. पाट मांडलेलाच आहे."

दुसऱ्या दिवशी फळा मी पट्टीशिवाय लिहिला. मावशी आपल्या घरी रुजू झाल्या, अशी वार्ता होती.

बोटी पाण्यात जायच्या बेतात असताना मी बंदरात गेलो. मालकांनी रेडियमची अक्षरं कापून आणली होती, पण पिशवीतून काढली नव्हती. त्यांना त्यांच्या आईचं नाव हवं होतं. मी फळीवर चढलो. ब्रश बोटांत धरला. तो पहिल्यासारखा फिरत नव्हता, हळू फिरत होता, पण फिरत होता. पहिल्या अक्षराची रेघ किंचित थरथरली. ती मी तशीच ठेवली, आजही बोटीवर आहे.

मधेच फळी हलली. खाली बायको उभी होती, मालक होते आणि न बोलावता बाई आल्या होत्या. मालक फळी धरायला धावले असणार, कारण मला मागून बाईंचा आवाज आला, "मालक." बस, एवढाच. मग सगळं शांत झालं. मी तोल सावरला, ब्रश पुन्हा रंगात बुडवला आणि पुढचं अक्षर धरलं. मागे वळून पाहिलं नाही. त्यांचे हात कुठे आहेत आणि काय करतायत, हे मला ठाऊक होतं.